कलमापुरती जखम

"साहेब, पुरे. मरेल तो," हवालदार गुणाजी म्हणाला.

पीएसआय हर्षदने हात थांबवला. हातातली काठी गुणाजीचीच होती.

बेसिल चौकीच्या फरशीवर आडवा पडला होता. मढचा टेम्पोवाला. दुपारी नाकाबंदीत हर्षदने त्याला आईवरून शिवी दिली. तो एवढंच म्हणाला, "ए, आईवर जाऊ नकोस हां." चार लोकांत. वर्दीतल्या माणसाला. वर्दीचा मान कायदा राखतो म्हणे. हर्षद काठीने राखायचा.

आता पोराच्या कानातून रक्त येत होतं. छाती कशीबशी हलत होती.

"अ‍ॅम्ब्युलन्स बोलवतो, साहेब."

"थांब रे. डॉक्टर विचारतील कोणी मारलं, का मारलं. आधी कलम एकशे बत्तीस लावू. सरकारी नोकरावर हल्ला."

हर्षदने भराभर तक्रार लिहिली. आरोपीच्या नावाची जागा कोरी ठेवली.

"नाव, साहेब?"

"मागून भरू. नुसत्या उलट बोलण्यावर कलम टिकत नाही. जखम पाहिजे. मार मला."

"मी?"

"मग काय तुझी बायको येणार?" हर्षदने काठीची मूठ रुमालाने नीट पुसली आणि काठी गुणाजीला दिली. "जखम झाली की लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. बघ, पोरगं चाललंय."

मारहाणीआधी त्यानेच गुणाजीला चौकीच्या कॅमेऱ्याची पिन बोर्डातून काढायला लावली होती. त्या जागी आता हर्षदचा मोबाइल चार्जिंगला होता. तो काढायला हर्षद बोर्डाशी गेला, जरा वेळ वाकला, मग खोलीच्या मधोमध येऊन उभा राहिला.

गुणाजीने खांद्यावर हलकेच मारलं.

"सलाम ठोकतोयस की मारतोयस? डोक्यात घाल!" हर्षद ओठ न हलवता हळूच म्हणाला.

बेसिलच्या घशातून घरघर आली. गुणाजीने डोळे मिटले आणि घातली. नोकरीतल्या अठ्ठावीस वर्षांचे सगळे सलाम त्या एका फटक्यात उतरले. हर्षदची भुवई फाटली, रक्त कॉलरपर्यंत आलं.

"आता फोन करू ना, साहेब?"

हर्षद गुडघ्यांवर कोसळला. हात जोडून मोठ्याने रडायला लागला.

"गुणाजी, नको रे! त्या पोराला मारलंस, आता माझ्या जिवावर उठलास?"

काठी हातात तशीच होती. गुणाजीने वर पाहिलं.

कॅमेऱ्याचा लाल दिवा लागला होता.