डब्याचा खण

"आणि त्या कंपनीचा खण कुठला?" बाईंनी विचारलं. डबघाईला आलेल्या एका फोन कंपनीत कोट्यवधी रुपये गुंतवण्याआधी त्या श्रीरंगच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात आल्या होत्या.

श्रीरंगने खण ओढला. शेजारचे खण इतर कंपन्यांच्या बिघडलेल्या फोननी खच्चून भरले होते. या खणात फक्त त्याचा जेवणाचा डबा होता.

"म्हणजे यांचे फोन कुणी घेतच नाही?"

"घेतात की! बिघडले तर इथे येतील ना!" त्याची मान ताठ झाली. "कारखान्यातून एकेक फोन मी तपासून सोडलाय, मॅडम. दोन महिन्यांपूर्वी खर्च वाचवायला त्यांनी आमचं तपासणीचं खातंच बंद केलं."

बाईंनी वही मिटली.

"पैसे घालते. पण एकच अट. हा डबा तुम्ही पुन्हा कारखान्यात खायचा."