तुडतुड्याचा कौल

"निघाक व्हया गो बाय! वारो फिरलो!" बाबलीकाकांनी होडीतून तिसऱ्यांदा हाक मारली आणि गौरजाने तिसऱ्यांदा ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सकाळपासून ती बेटावरची झुडपं झोडत होती. काठीचा टोला हाणायचा, खाली उलट्या धरलेल्या पांढऱ्या छत्रीत तुडतुडे टपटप पडले की भिंग लावायचं आणि चडफडायचं. मादी. मादी. पुन्हा मादीच!

तांदळाच्या कणीएवढा हा किडा, बेटावरच्या या एकाच जातीच्या झुडपाचा रस पिऊन जगणारा. जगात आजवर कोणी त्याची नोंद केलेली नव्हती. मालवणच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या गौरजाने याची एकदा नव्हे, दहादा खात्री करून घेतली होती. पण या किड्यांची जात ठरते ती नरावरून. दोन वर्षांत तेवीस माद्या जमल्या होत्या, नर एकही नाही. आणि नर नाही म्हणून नाव नाही. परवापासून होड्या वर ओढायच्या. पावसाळा संपून पुन्हा इथे यावं, तोवर पाला जून होऊन किडे नाहीसे होणार. म्हणजे आणखी एक वर्ष पाण्यात.

शेवटी बाबलीकाकाच वर चढून आले. तिचा चेहरा बघून म्हणाले, "आंब्यार तुडतुडो पडलो तर लोक फवारे मारतत. आणि हिका एक गावना म्हणान डोळ्यांत पाणी!"

"थट्टा नको काकानू. नर गावल्याशिवाय नाव लागना."

"म्हणजे किड्यांतय घोवाशिवाय बायलेक नाव नाय? बरा आसा!"

रडू येत असतानाही गौरजाला हसू फुटलं.

बेटाच्या टोकाला राखणदार देव होता, म्हणजे कमरेएवढा काळा दगड, आणि त्याच्यामागे त्याच जातीचं एक दाट झुडूप. इथलं पानसुद्धा न्यायचं तर राखणदाराचा कौल घ्यायचा आणि त्या झुडपाला काठी लावायची नाही, या दोन अटींवरच बाबलीकाका तिला होडीत घेत. तिनेही शब्द दिला होता.

काकांनी झुडपाची दोन पानं हाताने खुडली, ओली करून दगडाला चिकटवली, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मग हात जोडून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा राखणदारा म्हाराजा! ह्या तुज्या लेकराक एक नर व्हयो आसा. तुज्याकडे भरपूर आसत, तर उजवो दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गौरजा एवढ्या जोरात म्हणाली की दगडावरची टिटवी ओरडत उडाली.

"आणि एकच आसात, तर तुजो तुका रवांदे. डावो दी म्हाराजा!"

काकांनी मान वळवून पाहिलं.

"व्हय म्हाराजा," ती पुटपुटली. तोंड कडू झालं होतं.

तेवढ्यात उजव्या पानावर काहीतरी हललं. माद्यांपेक्षा बारीक, काळं. तिने गुडघे टेकून भिंग पुढे नेलं, शेपटाचं टोक पाहिलं. हवा ओढून किडा आत घ्यायची नळी तिने घाईघाईने तोंडात धरली.

"हात लावू नको! कौल मोडतलो!"

"काकानू, नर आसा! नर!"

"आसांदे!"

आता झाली पंचाईत! उजवं पान पडलं तर देवाचा होकार, पण पान सुटताक्षणी हा उडी मारून पसार होणार. डावं पडलं तर हा असाच समोर बसून राहणार, आणि न्यायची सोय नाही. एवढा वेळ श्वास तिने जन्मात कधी रोखला नव्हता.

पान सुटलं. उजवं. तुडतुडा टुणकन उडाला आणि दिसेनासा झाला.

"उजवो!" काका ओरडले.

"खंय गेलो?" गौरजा किंचाळली.

दोघंही गुडघ्यांवर रांगत दगडाभोवती शोधायला लागली. मगाशी वाऱ्याच्या नावाने ओरडणारे काका वारा साफ विसरले होते. मध्येच ते थांबले.

"गो, ह्या पान मिया खुडलंय खंयसून? ह्याच झुडपातसून मा? मगे तेच्यात बघ! काठी नको, हातान."

तिने फांद्या अलगद बाजूला केल्या. आत, वारा न लागणाऱ्या आडोशाला, देठादेठावर काळे बारीक किडे रस पीत बसले होते. दोन, पाच, अकरा... नर. नर. हाही नरच! तिने नळी तोंडात धरली, पण हवा ओढता येईना. ओढायला जावं तर हसू फुटे, हसू आवरावं तर हुंदका येई.

"दी हयसर," म्हणत काकांनी नळी घेतली. बिडी ओढायची चाळीस वर्षांची सवय कामी आली. एका दमात एक नर नळीला जोडलेल्या बाटलीत.

गौरजाने चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख, बेट, झुडूप. मग पेन्सिल थांबली.

"काकानू, पकडणाऱ्याचा नाव लिवचा लागता. तुमचा पुरा नाव सांगा."

बाबलीकाकांनी दगडाकडे बघत नळी धोतराला पुसली.

"पकडलो खंय कोणी?" ते म्हणाले. "राखणदारान दिल्यान, असा लिव."