उसने ठोके

केतकीची ओटी भरायची म्हणून सासूबाई खण-नारळ घेऊन, पहारेकऱ्याशी हुज्जत घालतच गर्भकेंद्रात शिरल्या. काचेच्या पेटीतल्या पाण्यात केतकीचं सात महिन्यांचं बाळ तरंगत होतं. त्याला ऐकवले जाणारे ठोके स्पीकरमधून संथ पडत होते.

"किती शांत काळीज गं तुझं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

केतकीला राहवेना. "माझं नाही ते, आई. माझी धडधड फार, बाळाला सोसायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून केंद्राचं रेकॉर्डिंग लावलंय. इथल्या सगळ्याच बाळांना तेच ऐकवतात." तिनं पदर मागे घेतला. "माझी ओटी कशाला भरता? मी त्याला दिलंय तरी काय?"

सासूबाईंनी ओळीनं मांडलेल्या पेट्यांकडे पाहिलं. "निरंजनच्या वेळी मी पहिल्यापासून घाबरलेलीच होते. तुझ्या नवऱ्यानं ऐकलंच की ते सगळं! लाव तुझे ठोके."

केतकीनं पेटीजवळचा पट्टा छातीला बांधला. ठोके एकदम धावू लागले. बाळानं दचकून पाय झाडला आणि मग, कधी नव्हे ते, काचेकडे तोंड वळवलं.

"हं," सासूबाई म्हणाल्या, "आता कर पदर पुढे."