सैल तारा

"आदी वाजवून दाखवा," नबीसाब म्हणाले. "किमतीचं मागनं बघू की."

शिवयोगीला हसू आलं. विकणारा माणूस आधी किंमत सांगतो, हे म्हातारं गाणं मागतंय. शिवयोगी सात रस्त्याजवळ मुलांना गिटार शिकवायचा. नबीसाबांच्या लेकीनं, अरिबानं, मोबाईलवर टाकलेले फोटो बघून तो धावतच आला होता. 'भावाची जपानी गिटार विकणे आहे', एवढंच तिनं लिहिलं होतं. आत चिकटवलेल्या कागदावर जपानी अक्षरं होती आणि साल होतं १९७४. असली गिटार सोलापुरात सापडेल, असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी त्याला पटलं नसतं.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात नबीसाबांची बायको नूरबी बसली होती. तिनं तांदूळ निवडायला घेतले होते, पण हात ताटात तसाच होता. गिटार विकायला ती या एका गाण्यासाठी तयार झाली होती. नबीसाबांनी तिला शब्दच दिला होता. जो घेईल त्यानं इथं, याच खोलीत, एकदा वाजवायची. त्यांचा लेक गुफरान वाजवायचा तशी. मग खुशाल न्यावी.

गुफरान वाजवायचा तेव्हा मात्र याच नबीसाबांनी घर डोक्यावर घेतलं होतं. चाळीस वर्षं चादरीच्या मागावर उभा राहिलेला माणूस तो. पोरानं मागाला कधी हात लावला नाही, आणि कुणा म्हाताऱ्या मास्तरांनी दिलेलं हे लाकूड काही त्याच्या मांडीवरून उतरेना. "घर में ये रहेगी नै तो तू," असं ते एकदा म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी गुफरान पुण्याला निघून गेला. गिटार खिळ्याला टांगलेली होती आणि तिच्या सहाही तारा सैल सोडलेल्या होत्या.

नबीसाबांना चिठ्ठीची गरज पडली नाही. त्यांच्या कारखान्यात रीतच होती. रजेवर जाणारा कारागीर मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ ठेवून जायचा. कायमचा जाणारा तो सैल करून जायचा. मग त्या मागावर दुसऱ्याचं नाव लागायचं. पोरानं बापाच्याच भाषेत बापाला उत्तर दिलं, असं त्यांनी धरलं. पुढं त्याचा तीनदा फोन आला. तिन्ही वेळा नूरबीनं पुढं केलेला फोन त्यांनी घेतला नाही. ज्यानं ताणा सोडला त्याच्याशी बोलायचं तरी काय?

चौथा फोन कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आला, दवाखान्यातून. तो त्यांनी घेतला. पोराला माती द्यायलासुद्धा त्यांना जाता आलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी पहिल्यांदा गिटारच्या खुंट्या पिळल्या. तेव्हापासून दर जुम्म्याला नमाजहून आले, की डोक्यावरची टोपी न काढता ते गिटार खाली घ्यायचे आणि एकेक तार बोटानं दाबून बघायचे, मागावर ताणा बघायचे तशी. जरा ढिली लागली की दे पीळ. सूर त्यांना कळत नव्हता, ताठपणा कळत होता. पोराचं नाव मागावरून उतरू द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात होतं. वेळेवर करायची राहून गेलेली माया ते आता अशी करत होते.

शिवयोगीनं गिटार मांडीवर घेतली आणि तार छेडली. झर्र असा आवाज आला. त्यानं खुंट्या फिरवल्या, कान लावला, पुन्हा छेडली. पुन्हा तेच. मग त्यानं गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, पुढच्या फळीवरून हळूच बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"नाही वाजणार, चाचा."

"म्हंजे?"

"हे बघा, तारा बांधतात ती पट्टी उखडलीय. फळी फुगलीय, आतनं चिरलीय. सूरच धरंना. नवी फळी बसवता येते, पण मग ही ती गिटार राहत नाही. एवढं कुणी ताणलं हो?"

"मीच की. दर जुम्म्याला." नबीसाब जरा ताठ बसले. "लई जपलं बगा तिला."

नूरबीनं तांदळाचं ताट बाजूला सारलं. आता गाणं होणार नाही हे तिला समजलं होतं, तरी ती उठली नाही.

"ठेवून द्यायची असली तर तारा सैल करायच्या असतात, चाचा," शिवयोगी शेवटी म्हणाला. "नाहीतर आपल्या इथल्या उन्हाळ्यात तार लाकूडच ओढून काढते. तुमच्या मुलाला माहीत असणार की. त्यानं सांगितलं नाही?"

इतक्या वर्षांचा राग नबीसाबांच्या तोंडावर आला. तो अजून गेलेला नव्हता.

"त्यो काय सांगतोय? त्यानंच सोडल्या हुत्या सगळ्या, जाताना. पाठ फिरवून गेला त्यो."

शिवयोगीला हायसं वाटलं. या घरात सांगण्यासारखी एक तरी चांगली गोष्ट त्याला सापडली होती.

"पाठ कुठली हो, चाचा? बरेच दिवस हात लागणार नसला की आम्ही सगळेच असं करतो. परत येऊन वाजवायची असते म्हणून," तो म्हणाला. "कधी येणार आहे तो?"