मोठी चकती

पल्लवीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची गोष्ट. पत्रिका वाटायला निघालेल्या तिच्या भावाच्या, प्रसेनजितच्या, सायकलचे मागचे गिअर अडत होते. मेडशीच्या सायकल दुरुस्तीवाल्या उकंडरावांनी सायकल उलटी ठेवून हातानं पायडल फिरवलं, तर साखळी गुमान सरकली. वजन पडल्यावरच खरी खोड कळते, हे ठाऊक असून ते स्वतः बसले नाहीत. चहा निवत होता.

उतारावर साखळी स्पोकमध्ये शिरली.

अपघातानंतर सायकल पुन्हा दुकानात आली. उकंडरावांनी ती उलटी ठेवली आणि साखळी सोडवून मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांपैकी सगळ्यात लहान चकतीवर ठेवली.

"तुमी चालवून पायली होती ना?" बायकोनं विचारलं.

"हो."

कट्. चाक थांबलेलं होतं, तरी साखळी एक चकती वर चढली.

शेजाऱ्यांनी विचारलं. "हो." कट्.

उकंडरावांनी गिअरची तार कापून टाकली. पोलीस आले. "हो." कट्.

आठव्या दिवशी पल्लवी आली.

"काका, लोकं काहीबी बोलून राह्यले. तुमीच सांगा. दादाची सायकल चालवून पायली होती ना?"

साखळी सगळ्यात मोठ्या चकतीवर होती. पलीकडे फक्त स्पोक.

"हो, बाई."

साखळी स्पोकमध्ये शिरली. उलट्या सायकलचं पायडल हळूहळू दबलं, माणसाच्या वजनानं दबतं तसं.

प्रसेनजित तर त्या दिवशी उतारावरच वारला होता.