रिकामी पेटी

बेटावर डॉक्टर नव्हता, म्हणून पोस्टमन येर्कोने खटपट करून बंद पडलेलं हृदय विजेच्या झटक्याने चालू करणारं, काय करायचं ते बोलून सांगणारं यंत्र आणवलं आणि पोस्टाच्या भिंतीवर बिनकुलपाच्या पेटीत ठेवलं. आज पाचला गाव दुपारच्या झोपेतून उठलं, तर पेटी रिकामी!

"तरी सांगत होतो, कुलूप लाव आणि किल्ली माझ्याकडे दे," शिमेने चारचौघांत येर्कोला सुनावलं. त्याने येताना कुलूपही आणलं होतं. येर्कोला मान वर करवेना.

इतक्यात मागच्या गल्लीतून तोंकाकाकू यंत्र काखोटीला मारून आली.

"तुम्ही नेलंत?" येर्कोने विचारलं.

"मग काय करू? पेरो माझ्या पायरीवरच कोसळला. यंत्र सांगत गेलं, मी करत गेले. तुम्ही झोपेत होतात, तेवढ्यात बोट येऊन त्याला दवाखान्यात घेऊनही गेली. जाताना चांगला बोलत होता."

शिमे पांढराफटक पडला. पेरो त्याचा सख्खा धाकटा भाऊ.

"अहो काकू, मला उठवायचं तरी!"

"आधी तुझंच दार बडवलं, बाबा," तोंकाकाकू म्हणाली. "आतून घोरणं काही थांबेना, तशी पेटीकडे पळाले."