फोटोपास

“आई, शाळा सुटल्यावर मला वसंतकाकाबरोबर नको ना पाठवूस.”

“सख्खा काका आहे तुझा, भूत नव्हे! चल, डबा घे,” म्हणत शालिनीने केतकीला शाळेत पिटाळलं.

डोंबिवलीतल्या त्याच शाळेत शालिनी मुलांच्या सुरक्षेची सल्लागार होती. पोरं पळवणाऱ्या टोळीची आवई उठली, तेव्हा तिनेच नियम लावून घेतला होता: पालकांच्या सहीचा फोटोपास दाखवेल त्याच्याच हाती मूल द्यायचं.

त्या शनिवारी शाळा सुटली, तेव्हा केतकी फाटकाला घट्ट धरून रडत होती. बाईंनी काकाकडे पास मागितला, फोटोखालची शालिनीची सही पाहिली, आणि “शहाणी ना तू?” म्हणत केतकीची बोटं एकेक करून सोडवली.



केतकी आता आईशीही बोलत नाही. तुमचं लेकरू कुणाबरोबर जायला नको म्हणत असेल, तर आजच त्याला जवळ घेऊन विचारा.